डोळ्याच्या पडद्याची फोटो-तपासणी : अकरा वर्षांनी कुणीतरी आत पाहिलं

"डोळे तपासलेत ना?" मधुमेहाच्या दवाखान्यात हा प्रश्न मला अकरा वर्षं विचारला गेला आणि अकरा वर्षं मी "हो" म्हणत आले. खोटं बोलत नव्हते. वर्षातून एकदा चष्म्याच्या दुकानात जायचे, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवायचे, नंबर लिहिलेला कागद घेऊन घरी यायचे. त्या कागदावर दोन्ही डोळ्यांपुढे ६/६ असायचं. माझं काम मुद्रितशोधनाचं. बारीक टायपातला सुटलेला अनुस्वार, चुकलेली वेलांटी मला आजही पहिल्या वाचनात दिसते. त्यामुळे माझ्या डोळ्यांत काही बिघाड असेल, असा विचारसुद्धा कधी मनात आला नाही.

गेल्या वर्षी त्याच दवाखान्यात एका खोलीत पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, फोटो काढायची सोय सुरू झाली. साखर तपासायला आलेल्यांनी त्याच दिवशी डोळ्यांचे फोटो काढून जायचं, वेगळ्या रुग्णालयात खेप घालायची नाही. तिथे मी आतापर्यंत तीनदा गेले, त्यातली एक खेप माझ्या मोठ्या भावाला घेऊन. हे लिहिणं त्या तीन भेटींवर आहे.

पहिल्या भेटीला आत गेल्यावर आधी तक्ता वाचायला लावला. तो मी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला. मग बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले. दोन-चार सेकंद चांगलंच झोंबतं. या कॅमेऱ्याने थेंबांशिवायही फोटो निघतो; पण वय वाढलं आणि मधुमेह जुना झाला की बाहुली लहान राहते, फोटो काळपट येतात आणि वाचता येत नाहीत, म्हणून इथे सरसकट थेंब घालतात. मला ते पटलं. वीस-पंचवीस मिनिटं मंद उजेडाच्या खोलीत बसवलं. नंतर तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, "ताई, हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा आणि त्या हिरव्या टिंबाकडे बघत राहा." लख्ख प्रकाश पडला, की एक फोटो. प्रत्येक डोळ्याचे दोन, एक पडद्याचा मधला भाग धरून आणि एक डोळ्याची नस जिथून आत येते तो भाग धरून. दुखत काहीच नाही. डोळ्यांपुढे थोडा वेळ रंगीत ठिगळ तरंगतं, तेवढंच.

मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. कॉम्प्युटरचा पडदा, आणि त्यावर माझ्या डोळ्याचा पडदा. नारिंगी रंगाचं एक वर्तुळ, बाजूला फिकट पिवळी गोल चकती, तिथून फांद्यांसारख्या फुटलेल्या लाल रक्तवाहिन्या, मधे एक गडदसर जागा. ती गडद जागा म्हणजे मॅक्युला; आपण वाचतो ते त्या इवल्याशा भागाने. उजव्या डोळ्यात त्या जागेच्या आसपास बारीक लाल ठिपके विखुरलेले होते आणि एका कडेला पिवळट कण साचले होते. मला ते नको तिथे पडलेल्या अनुस्वारांसारखे दिसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातले असे ठिपके मी शोधत आले आणि हे माझ्या स्वतःच्या डोळ्यात किती वर्षं होते, कुणास ठाऊक.

"हे काय आहे?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते डॉक्टर वाचून सांगतील, मी सांगणं बरोबर नाही." त्या क्षणी राग आला होता. आता वाटतं, तिने योग्य केलं. तिचं काम फोटो नीट काढण्याचं. ते तिने उत्तम केलं. डाव्या डोळ्याचा एक फोटो हलला तर न कंटाळता पुन्हा घेतला.

इथे थोडं थांबून ६/६ बद्दल लिहिते, कारण माझी सगळी फसगत त्या आकड्याने केली. तक्ता वाचता येतो याचा अर्थ पडद्याचा मधला लहानसा भाग अजून काम देतोय, इतकाच. बाकीच्या पडद्यावर काय चाललंय, हे तक्ता सांगू शकत नाही. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे इवले फुगवटे येतात (तेच लाल ठिपके), कुठे रक्त झिरपतं, कुठे पाणी आणि चरबी पाझरते (तेच पिवळे कण), कुठे रक्त पोचायचंच बंद होतं. पडद्याला वेदना कळत नाहीत. डोळा लाल होत नाही, चुरचुरत नाही, आणि ठिपके मध्यबिंदूपासून बाजूला असतील तर नजरही कमी होत नाही. माणूस सहज म्हणतो, मला स्वच्छ दिसतंय. ते खरंही असतं. डायबेटिक रेटिनोपॅथी हा आजार याच खऱ्या वाक्याच्या आडोशाला वाढतो.

चष्म्याच्या दुकानावर माझी एक तक्रार आहे, तीही इथेच सांगते. तीन वर्षांपूर्वी एकाच वर्षात माझा नंबर तीनदा बदलला. तीनदा काचा बदलून दिल्या गेल्या. साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर हलतो, हे मला पुढे नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. दुकानात मात्र "तुम्हाला मधुमेह आहे का?" एवढं एक वाक्य कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर कदाचित तेव्हाच कुणीतरी आत डोकावलं असतं.

परत त्या खोलीकडे. फोटो काढून झाल्यावर पाच-सात मिनिटांत एक छापील कागद मिळतो. तो सॉफ्टवेअरने वाचलेला असतो. नंतर तेच फोटो नेत्रतज्ज्ञ पाहतात. मला आधी वाटलं, यंत्राने वाचलंय तर डॉक्टर कशाला? मग त्याबद्दल वाचलं. डॉक्टरविना स्वतःच निर्णय देणाऱ्या अशा पहिल्या यंत्रणेला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ साली परवानगी दिली. ९०० जणांवर तिची चाचणी झाली होती आणि आजार पुढे गेलेल्या दर शंभरांतले साधारण ८७ तिने बरोबर पकडले. हे थोडं नाही. पण उरलेले तेरा जण कागद घेऊन निश्चिंत मनाने घरी जातात. मुद्रितं दोन जणांनी वाचावीत, हे आमच्या धंद्यात शिकवावं लागत नाही. त्यामुळे यंत्र आणि माणूस असं दुहेरी वाचन ही मला या सेवेची फार मोठी जमेची बाजू वाटते. शिवाय असलं सॉफ्टवेअर ज्या आजारासाठी बनवलेलं असतं तेवढाच शोधतं. काचबिंदूची शंका किंवा दुसरं काही असेल तर ते फोटो पाहणाऱ्या माणसाच्याच लक्षात येण्याची शक्यता.

माझ्या कागदावर लिहिलं होतं : "उजवा डोळा – मध्यम नॉन-प्रोलिफरेटिव्ह डायबेटिक रेटिनोपॅथी, संदर्भित करावे." नॉन-प्रोलिफरेटिव्ह म्हणजे पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या अजून फुटलेल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. पण संदर्भित कुणी, कुणाला, कधी करावे? कर्ता नाही, मुदत नाही. घरी आले तेव्हा बाहुल्या मोठ्याच होत्या, जवळचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे तो कागदही मला रात्रीच वाचता आला. इथे एक तक्रार नोंदवते. थेंबांचा परिणाम चार-सहा तास राहतो, उजेड टोचतो, जवळचं धूसर होतं, गाडी चालवायची नसते, हे मला खुर्चीत बसल्यावर सांगितलं. वेळ ठरवायला फोन केला तेव्हा सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी मला चाळीस पानं तपासून द्यायची होती. मी एकटी, गॉगलशिवाय, रस्ता ओलांडताना उन्हाने डोळे मिटत होते.

चौथ्या दिवशी फोन आला. परिचारिका होत्या. त्यांनी आधी विचारलं, आत्ता बोलायला वेळ आहे का. मग सावकाश सांगितलं की उजव्या डोळ्यात मधुमेहाने झालेले बदल आहेत, पिवळे कण मध्याच्या जवळ आहेत, आजच धावपळ करायची गरज नाही पण महिन्याच्या आत नेत्रतज्ज्ञांनी पाहायला हवं. आणि पुढचं वाक्य : "तारीख मी घेऊन देऊ का?" मला या सगळ्या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असं विचारलं तर मी कॅमेरा सांगणार नाही, हे वाक्य सांगेन. मी फोन ठेवला असता, काम संपवते मग बघते म्हटलं असतं, आणि तो महिना कधीच उगवला नसता. त्यांनी फोनवर असतानाच तारीख घेतली आणि आदल्या दिवशी आठवणही केली.

नेत्रतज्ज्ञांकडे ओसीटी झाली. ही पडद्याची उभी चीर दाखवणारी तपासणी. प्रकाश वापरते, स्पर्श नाही, इंजेक्शन नाही. त्यात पडद्याचे थर पुस्तकाच्या कडेने पानं दिसावीत तसे दिसतात आणि जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजता येते. माझ्या उजव्या डोळ्यात सूज होती, पण मध्यबिंदूला पोचलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, आत्ता इंजेक्शन नको, दर तीन महिन्यांनी बघू, सूज मध्याकडे सरकली आणि नजर उतरू लागली तर त्यासाठी डोळ्यात द्यायची चांगली औषधं आहेत. रक्तदाब विचारला. त्याचाही पडद्याशी इतका संबंध असतो हे मला माहीत नव्हतं. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तेव्हा ९.२ टक्के होती. ती खाली आणायची, पण फार झपाट्याने उतरली तर डोळ्यातले बदल काही काळ वाढूही शकतात. म्हणून औषधं थांबवायची नाहीत, डोळ्याची तारीख मात्र चुकवायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. एवढं नेमकं बोलणारा माणूस मला अकरा वर्षांत भेटला नव्हता.

आता दादाबद्दल. तो त्रेसष्ट वर्षांचा, मधुमेह एकोणीस वर्षांचा. "मला दिसतंय सगळं," हे त्याचंही उत्तर. मी हट्टाने त्याला घेऊन गेले. त्याच्या डोळ्यांचे फोटो तंत्रज्ञ मुलीने चार-चार वेळा घेतले, सगळे धुक्यातून काढल्यासारखे. कागदावर आलं : "प्रतिमा वाचनयोग्य नाही." दादाने कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "बघ, काही निघालं नाही."

तो तसं समजला यात त्याची चूक नाही. आजाराचं नाव लिहिलेलं नाही, म्हणजे आजार नाही, असंच कुणीही वाचेल. मी कागद मागून घेतला म्हणून ते तीन शब्द कळले. मोतीबिंदूमुळे फोटोत आतलं दिसलंच नव्हतं. न दिसणं आणि नसणं यांत जो फरक आहे तो त्या कागदावर कुठेच नव्हता. दोन आठवडे गेले, त्याला फोनही आला नाही. मी जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की फोनची यादी ज्यांच्यात आजार सापडला त्यांची बनते. ज्यांचे फोटोच वाचता आले नाहीत ते कुठल्याच यादीत नव्हते. खरं तर तीच माणसं जास्त धोक्यात. मधुमेह जुना तसा मोतीबिंदूही लवकर, आणि फोटो धूसर तसा आत काय आहे हे अज्ञात. या सेवेतली ही सर्वांत गंभीर उणीव आहे आणि मी ती तिथल्या प्रमुखांना समोर बसून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, लिहूनही घेतलं.

दादाला मी नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी डोक्यावर दिवा बांधून, हातात भिंग धरून, त्याला वर-खाली-डावी-उजवीकडे बघायला लावून सगळा पडदा तपासला. मोतीबिंदूच्या कडेने त्यांना दिसलं ते असं : डाव्या डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. पडद्याला रक्त कमी पडलं की तो नव्या वाहिन्या मागवतो, आणि त्या इतक्या नाजूक असतात की कधीही फुटून डोळ्यातल्या पारदर्शक जेलमध्ये रक्त उतरतं. पुढे त्यांच्याभोवती व्रणासारखे धागे तयार होऊन पडदाच ओढून सुटू शकतो. दादा त्या दिवशीही खालून दुसरी ओळ वाचत होता. त्या खुर्चीत तो एकदम गप्प झाला. मला त्याचा चेहरा आठवतो.

लेसर तीन बैठकांत झाला. कडेच्या पडद्यावर शेकडो बारीक डाग देतात, म्हणजे रक्ताची मागणी घटते आणि नव्या वाहिन्या सुकतात. जुनाच उपचार आहे. अशा डोळ्यांची नजर पार जाण्याचा धोका त्याने निम्म्याहून कमी होतो हे १९७० च्या दशकातच मोठ्या चाचणीत दिसलं होतं. फुकटात मिळत नाही काही. दादाला आता कमी उजेडात चाचपडायला होतं, कडेचंही थोडं कमी दिसतं. याबद्दल तो कधी कधी चिडतो, आणि त्याचं चिडणं मला समजतं. हेच पाच वर्षं आधी सापडलं असतं तर, हा विचार आम्ही दोघंही मोठ्याने करत नाही.

मी नंतर बरंच वाचलं. डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली जगापुढे ठेवलं. म्हणजे पडदा बघता येत नव्हता असं गेल्या पावणेदोनशे वर्षांत कधी नव्हतं. इंग्लंडने २००३ पासून बारा वर्षांवरच्या मधुमेहींना पडद्याच्या फोटोसाठी पद्धतशीरपणे बोलावणं सुरू केलं. पुढे २००९-१० च्या इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कामाच्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेहाचा पडद्याचा आजार पहिल्या क्रमांकावर राहिलेला नव्हता. तो निदान पाच दशकं तिथे होता. साखरेचे उपचार सुधारले हेही त्यामागे आहेच, पण माणसाला पत्र जातं, तारीख मिळते, आला नाही तर पुन्हा पत्र जातं, हा भाग मला विशेष वाटतो. तोच त्या परिचारिकांचा फोन.

कुणी जावं, हे मला ओळखीचे लोक विचारतात. टाइप २ असेल तर निदान झालं त्याच वर्षी, कारण निदानाच्या आधी साखर किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच माहीत नसतं. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत. मधुमेह असताना दिवस राहिले तर सुरुवातीच्या महिन्यांतच, तेव्हा बदल वेगाने वाढू शकतात. नंतर वर्षातून एकदा किंवा डॉक्टर सांगतील तसं. आणि डोळ्यांपुढे अचानक काळे तंतू, ठिपक्यांचा पाऊस किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली तर या खोलीत जाऊच नका, त्याच दिवशी थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. हे काम या सेवेचं नाही.

तिसरी भेट गेल्या महिन्यात झाली. गर्दी वाढली आहे. पाऊण तास थांबावं लागलं आणि थेंब घातलेली सहा माणसं एकाच बाकावर दाटीने बसली होती. खोली बदलायला हवी. पण या वेळी तंत्रज्ञ मुलीने जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवला, आणि अशी सोय मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. काही लाल ठिपके गेले होते. पिवळे कण विरळ झाले होते. वरच्या बाजूला एक ठिपका नवा होता, तो मी तिच्याआधी पाहिला. साखरेची सरासरी आता ७.४ आहे. नेत्रतज्ज्ञांनी पुढची ओसीटी तीन महिन्यांऐवजी चार महिन्यांनी सांगितली आहे. थेंबांची सूचना आता वेळ ठरवतानाच देतात, सोबत कुणाला तरी आणा असंही सांगतात. आणि ज्यांचे फोटो वाचता येत नाहीत त्यांनाही फोन जातो; मी बसले होते तेव्हा काउंटरवरून असा एक फोन झालेला मी स्वतः ऐकला.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा राखून ठेवलाय तो त्या कागदासाठी, कारण त्यावर अजून "प्रतिमा वाचनयोग्य नाही" हेच छापून येतं. मी त्याऐवजी तीन वाक्यं लिहून दिली आहेत : "तुमच्या डोळ्याचा फोटो नीट आला नाही. तुमचे डोळे चांगले आहेत, असा याचा अर्थ नाही. आठ दिवसांत नेत्रतज्ज्ञांना दाखवा." मोठ्या टायपात छापा असंही सांगितलंय, कारण ज्याच्या हातात तो कागद पडणार आहे त्याच्या बाहुल्या तेव्हा मोठ्या झालेल्या असतात. पुढची भेट आठ महिन्यांनी आहे. कागद बदललेला दिसला, तर इथे येऊन पाचवा तारा देईन.